घरची कोंबडी आजारी पडते तेव्हां

कोंबडी आपलें दुखणें होतां होईल तों लपविते. म्हणून सकाळीं खुराडें उघडतांनाच तिच्याकडे नीट पाहावें. पायांचे खवले उचललेले दिसल्यास त्यांखालीं सूक्ष्म कीड असते. पाय धुऊन, कोरडे करून, कांहीं आठवडे व्हॅसलीन चोळावें. पिसांत उवा झाल्यास तिला कोरड्या मातींत लोळूं द्यावें. इतकें घरीं करतां येतें. परंतु मान मुरगळली, हिरवट हगवण लागली, तर मानमोडीची शंका घ्यावी. तिच्यावर औषध नाहीं. प्रतिबंधक लस मात्र आहे, व ती आपल्या पुण्यांतच, औंधच्या सरकारी संस्थेंत तयार होते. असा पक्षी वेगळा ठेवून पशुवैद्यास तत्काळ कळवावें. साथ एका खुराड्यापुरती राहात नाहीं. २००६ सालीं नवापुरांत बर्ड फ्लू आला, तेव्हां लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या. दुखणें लपविणें हा कोंबडीचा स्वभाव. आपण मात्र तें लपवूं नये.