८१३ व्हॉल्व्हचा लिनिअर : आधी संरक्षण, मग ताकद

हॅम रेडिओचा संच साधारण १०० वॅटचा असतो आणि रोजच्या गप्पांना तेवढं पुरतं. पण वळवाच्या दिवसांत ४० मीटर बँडवर खरखर वाढली की आपला आवाज त्यात बुडतो. मग संचापुढे अ‍ॅम्प्लिफायर जोडावासा वाटतो. हॅम मंडळी त्याला ‘लिनिअर’ म्हणतात, म्हणजे सिग्नलचा आकार न बिघडवता तो मोठा करणारा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी मदतकार्याचे निरोप पोहोचवले होते. अशा वेळी ऐन गरजेला जळणारा लिनिअर काही कामाचा नाही. म्हणून या लेखात ताकदीपेक्षा संरक्षणावर जास्त भर दिला आहे.

सुरुवात परवान्यापासून करू. आपल्याकडे जनरल ग्रेडच्या परवान्याला ४०० वॅटची मर्यादा आहे, रिस्ट्रिक्टेडला त्याहून बरीच कमी. आपला परवाना कोणता आहे ते पाहूनच पुढचं सामान गोळा करावं.

व्हॉल्व्ह म्हणून ८१३ निवडू. काचेचा, उंच, डोक्यावर प्लेटची टोपी असलेला हा जुना व्हॉल्व्ह क्षणभराची चूक सहन करतो. ट्रान्झिस्टर तेवढी उसंत देत नाही. २,००० व्होल्ट आणि १८० मिलिअँपिअरवर एक ८१३ सुमारे २०० वॅट बाहेर देतो. सगळ्या ग्रिड चासीला जोडायच्या आणि सिग्नल फिलामेंटला द्यायचा, या जोडणीला ‘ग्राउंडेड ग्रिड’ म्हणतात. ती शांत स्वभावाची आहे आणि नवख्याला सोपी जाते.

आता वीजपुरवठा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण जीव घेणारा भाग हाच आहे. १,५०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मराठवाड्यातल्या चिकलठाणा किंवा वाळूजच्या वाइंडिंगवाल्याकडून भरून घ्यावा. मायक्रोवेव्ह ओव्हनचा फुकट मिळालेला ट्रान्सफॉर्मर वापरायचा मोह टाळावा. त्याच्या उच्चदाबाच्या वाइंडिंगचं एक टोक लोखंडी गाभ्यालाच जोडलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर एसीचं डीसी करणारा नेहमीचा डायोडचा ब्रिज बसत नाही.

१,५०० व्होल्ट एसी ब्रिजमधून डीसी झाले की कपॅसिटरवर सुमारे २,१२० व्होल्ट साठतात. ४५० व्होल्टचे, २२० मायक्रोफॅरडचे सहा कपॅसिटर एकापुढे एक जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५३ व्होल्ट येतात. रात्री उशिरा लाइन २५० व्होल्टवर चढली तरी हा आकडा ३८५ च्या आत राहतो. पाचच कपॅसिटर लावून पैसे वाचवणाऱ्यांचा पुरवठा नेमका अशा रात्री फुटतो.

प्रत्येक कपॅसिटरवर १०० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आडवा लावावा. याला ब्लीडर म्हणतात. तो दाब सारखा वाटून देतो आणि बंद केल्यावर साठा उतरवतो. उतरायला किती वेळ लागतो? साधारण दोन मिनिटं. एखादा ब्लीडर आतून तुटला असेल तर मात्र कितीही वेळ थांबलात तरी भरवसा नाही. म्हणून झाकणाला मायक्रोस्विच हवा, झाकण उघडताच मेन्स तुटला पाहिजे. शिवाय लांब लाकडी दांड्याला आकडा, आकड्यापासून रेझिस्टरमधून चासीपर्यंत जाड वायर, अशी काठी कायम टेबलावर ठेवावी. आत हात घालण्याआधी ती लावायची आणि दुसरा हात पाठीमागे ठेवायचा. यात घाई नको.

दाब मोजायला हातातला मल्टिमीटर लावू नये, त्याची मर्यादा सहसा ६०० किंवा १,००० व्होल्टची असते. त्याऐवजी एक-एक मेगओहमचे दहा रेझिस्टर ओळीने जोडून पुढच्या पट्टीवर कायमचा मीटर बसवावा. एकच १० मेगओहमचा रेझिस्टर का नाही? कारण साधा पाव वॅटचा रेझिस्टर सुमारे २५० व्होल्टच झेपवतो.

रिकामे कपॅसिटर चालू करताक्षणी भसकन करंट ओढतात आणि त्यात डायोड उडतात. यावर सोपा उपाय आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत २५ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर ठेवावा आणि एक-दोन सेकंदांनी रिलेने तो बाजूला काढावा.

व्हॉल्व्हच्या आत ठिणगी पडली तर सगळा साठा एकदम तिथे धावतो. म्हणून उच्चदाबाच्या वायरमध्ये ५० ओहमचा, लांब अंगाचा वायरवाउंड रेझिस्टर टाकावा. सर्वांत वाईट प्रसंगी करंट ४२ अँपिअरच्या आसपास अडतो, एरवी तो शेकड्यांत जाईल. नेहमीच्या वापरात यात फक्त ९ व्होल्ट जातात. हा एक रेझिस्टर न टाकता बांधलेला लिनिअर मी कुणालाही चालू करू देणार नाही.

फिलामेंटला १० व्होल्ट, ५ अँपिअर लागतात. ही तार थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची असते. दाब जास्त झाला तर आयुष्य घटतं, फार कमी झाला तरी तारेची ताकद जाते, म्हणून साडेनऊ ते साडेदहाच्या मध्येच ठेवावा. बहुतेकांची चूक मोजण्याच्या जागेत होते. ट्रान्सफॉर्मरवर दहा व्होल्ट दिसतात, पण सिग्नल ट्रान्सफॉर्मरकडे जाऊ न देणाऱ्या फिलामेंट चोकमधून पाच अँपिअर जाताना दाब पडतो आणि पिनांवर नऊच पोहोचतात. मोजायचं ते सॉकेटच्या पिनांवर, उच्चदाबाचा मेन्स काढून ठेवून. घरची लाइन दिवसभर वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा.

व्हॉल्व्ह उभा बसवावा आणि बुडाशी पंखा द्यावा. मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात, त्यामुळे पंखा फिरला नाही तर लिनिअर चालू होऊच नये अशी जोडणी केलेली बरी. उच्चदाब धूळ ओढतो, तेव्हा पंख्यामागे जाळी लावावी आणि पावसाळ्याआधी आतून ब्रश मारावा.

रेडिओ-लहरींच्या बाजूला दोन गोष्टी विसरू नयेत. प्लेटच्या वायरमध्ये ५० ओहमच्या कार्बन रेझिस्टरवर तीन-चार वेढे द्यावेत, म्हणजे नको असलेली उंच फ्रिक्वेन्सीची थरथर दबते. आणि अँटेनाच्या सॉकेटवर २.५ मिलिहेन्रीचा चोक जमिनीला जोडावा. प्लेटकडून येणारा डीसी अडवणारा कपॅसिटर कधी शॉर्ट झाला तर दोन हजार व्होल्ट सरळ गच्चीवरच्या तारेत जातील. चोक असला की फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच थांबतं.

जुन्या साठ्यातला व्हॉल्व्ह असेल तर आधी रात्रभर फक्त फिलामेंट पेटवून ठेवावं. मग डायमरस्टॅटने उच्चदाब हळूहळू चढवावा. आत निळसर धूसर प्रकाश पसरला तर हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह बाजूला ठेवावा.

ट्यूनिंग डमी लोडवर, म्हणजे ५० ओहमच्या कृत्रिम भारावर करावं. अँटेनाच्या बाजूचा लोडचा कपॅसिटर पूर्ण बंद करावा, संचाची ताकद १० वॅटवर आणावी आणि प्लेटच्या बाजूचा ट्यूनचा कपॅसिटर फिरवत प्लेट करंट जिथे खाली बुडतो ती जागा शोधावी. मग लोड किंचित उघडून पुन्हा ट्यून करावं. बाहेरची ताकद वाढायची थांबेपर्यंत हेच करत राहावं आणि शेवटी संचाची ताकद वाढवत १८० मिलिअँपिअरवर थांबावं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. लोड कमी ठेवला तर ग्रिड करंट उसळतो आणि ग्रिड वितळते, म्हणून डोळा ग्रिडच्या मीटरवरही हवा. प्लेट लालसर दिसू लागली की तत्काळ सोडावं.

उच्चदाब नसताना संचाने सिग्नल दिला तर सगळा भार ग्रिडवरच पडतो. संचाचा सिग्नल लिनिअरकडे वळवणारी रिले अशी जोडावी की उच्चदाब असल्याशिवाय ती ओढलीच जाऊ नये.

उरलं अर्थिंग. मराठवाड्यात वर काळी माती आणि खाली बेसॉल्ट. उन्हाळ्यात माती भेगाळते आणि अर्थिंग सुटत जातं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं. वळवाचे ढग दिसले की अँटेनाची केबल काढून घराबाहेर टाकावी आणि लिनिअरचा प्लगही भिंतीतून काढावा.