मोजून दिलेले शॉट

चित्रपटाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थ्याला कॅमेरा जरूर द्यावा, पण शॉट मोजून द्यावेत. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. दिवसेंदिवस, थांबत थांबत, एकेक फ्रेम. काळ आवळता येतो, हे सिनेमाचं मर्म त्या एका कुंडीत होतं. क्रांतीनंतरच्या रशियात फिल्मचा तुटवडा होता, तेव्हा लेव्ह कुलेशोव्हचे विद्यार्थी फिल्मविनाच दृश्यं बसवत. नटाचा तोच चेहरा सूपच्या वाटीनंतर भुकेला आणि शवपेटीनंतर दुःखी वाटतो, हे दाखवणारा प्रयोग कुलेशोव्हचाच.

आता मोबाइलवर हवं तेवढं फुकट चित्रित होतं, मग ही कंजुषी कशाला, असं कुणी म्हणेल. खर्च वाचतो हे खरंच, पण निवड टळत नाही. ती संकलनापर्यंत लांबते आणि तिथे हवा तो शॉटच नसतो. चहा उतू जाण्याचा प्रसंग पाचच शॉटमध्ये सांगायचा असेल, तर पातेल्याच्या काठाशी चढणारा फेस आधी दाखवायचा की फोनवर बोलणाऱ्या बाईची पाठ, हे गॅस पेटवण्यापूर्वीच ठरवावं लागतं.