लिलावाआधीचा सौदा

कॅलिफोर्नियात घराचे हप्ते थकले की घर लिलावात काढण्याआधी थकबाकीची नोटीस काउंटीच्या दफ्तरात नोंदवली जाते. ती नोंद कुणालाही पाहता येते. त्यामुळे थोड्याच दिवसांत घरमालकाच्या दारात ‘तुमचं घर रोखीनं घेतो’ अशी कार्डं येऊन पडू लागतात.

ही कार्डं टाकणाऱ्यांत होलसेलरही असतो. तो स्वतः घर घेत नाही. मालकाशी समजा ३ लाख डॉलरचा करार करायचा आणि व्यवहार पुरा होण्याआधीच तो २५ हजारांच्या नफ्यावर दुसऱ्याच्या नावे करायचा, हा त्याचा धंदा. पण नोटीस नोंदली गेली आणि मालक त्याच घरात राहत असला, की १९७९चा राज्याचा कायदा आड येतो.

स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्याला हा कायदा लागू नाही. नफ्यासाठी घेणाऱ्याला मात्र तो बारकाईनं बांधतो. करार ठळक टाइपात हवा, आणि बोलणी मुख्यतः ज्या भाषेत झाली त्याच भाषेत हवा. सॅन होजेतल्या एखाद्या स्वयंपाकघरात, चहाचे कप बाजूला सारून दोघांनी मराठीत सौदा ठरवला, तर इंग्रजी छापील फॉर्मवर सही घेऊन भागत नाही. करारनामा मराठीतच लागतो.

सहीनंतर पाचव्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत किंवा लिलावाच्या दिवशी सकाळी ८ वाजेपर्यंत, जे आधी येईल तोवर, मालकाला करार मोडता येतो. या मुदतीत खरेदीदारानं मालकाला पैसे द्यायचे नाहीत, खरेदीखतावर सही घ्यायची नाही आणि घरावरचा हक्क तिसऱ्याला द्यायचा नाही. होलसेलरचं पोट तर या शेवटच्या गोष्टीवरच चालतं. करार रद्द करण्याच्या हक्काची सूचना खरेदीदारानं रीतसर दिली नसेल, तर मालकाचा मोडण्याचा हक्क उघडाच राहतो. नियम मोडल्यास २५ हजार डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही.

इतर राज्यंही कडक होत आहेत. इलिनॉयमध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर वर्षात एकाहून जास्त असे सौदे करायला दलालीचा परवाना लागतो. पेनसिल्व्हेनियानंही २०२४च्या कायद्यानं परवाना सक्तीचा केला.

तरीही सगळ्यात जास्त धोका घरमालकालाच आहे. ५ लाखांच्या घरावर अडीच लाखांचं कर्ज उरलं असेल, तर बाकीचे अडीच लाख त्याच्या आयुष्याची कमाई असते, आणि लिलावाच्या धास्तीनं तो ती मातीमोल भावात सोडतो. अडचणीचा अवाजवी फायदा घेतल्याचं दिसलं, तर खरेदीखताच्या नोंदणीपासून दोन वर्षांत त्याला व्यवहार रद्द करता येतो. पण त्याआधीच घर काही माहीत नसलेल्या, पूर्ण पैसे मोजलेल्या तिसऱ्या खरेदीदाराकडे गेलं असेल, तर ते त्याला परत मिळत नाही.