प्रोस्टेटची गोळी मध्येच का सुटते?

सभासद बंधूंनो, हा विषय चारचौघांत कुणी काढत नाही. साठीच्या पुढे रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक होते, लघवी थांबून थांबून होते. वय झाले म्हणून आपण गप्प बसतो. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढते व मूत्रनळीला आवळते, हे त्याचे नेहमीचे कारण. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण तपासून खात्री करावी.

डॉक्टर बहुधा दोन प्रकारच्या गोळ्या देतात. टॅमसुलोसिन तेथील स्नायू सैल करते, त्यामुळे थोड्याच दिवसांत फरक पडतो; पण ग्रंथी आहे तेवढीच राहते. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवते, मात्र गुण यायला सहा महिने लागतात. घोळ होतो तो येथेच. पहिलीने बरे वाटले म्हणून ती सुटते, दुसरीने लवकर गुण दिला नाही म्हणून. आडसाली ऊस आठव्या महिन्यात तोडून उताऱ्याची अपेक्षा कोणी धरील काय?

१९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला, सुमारे तीन हजार पुरुषांचा चार वर्षांचा अभ्यास आहे. फिनास्टेराइड घेणाऱ्यांत शेकडा ३ जणांची लघवी एकाएकी तुंबली. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत शेकडा ७ जणांची. शस्त्रक्रिया शेकडा ५ विरुद्ध १०. लघवी तुंबली की कळा सोसवत नाहीत, आणि परळीच्या खेड्यांतून रात्री-अपरात्री नळी घालायला दवाखाना गाठावा लागतो.

या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, कामेच्छा कमी होऊ शकते. मग माणूस घरात न सांगता गोळी बंद करतो. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येते. टॅमसुलोसिन जेवणानंतर घ्यावी. खंड पडला असेल तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांची अडचण आम्हांस ठाऊक आहे. पाच-सहा महिने फडावर, गोळ्या संपल्या की संपल्याच. निघण्यापूर्वी डॉक्टरांना मुक्काम किती दिवसांचा ते सांगून तेवढ्या गोळ्या व चिठ्ठी बरोबर घ्यावी. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येते.

मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घालणाऱ्यांनी टॅमसुलोसिन घेत असल्याचे, पूर्वी घेतली असली तरी, नेत्रतज्ज्ञांना आधी सांगावे. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही.