समोर टॉवर उठतो तेव्हा गल्लीतला भाव का चढतो?

लोअर परळला किंवा करी रोडला गिरणीच्या जागेवर टॉवरचं काम सुरू झालं की समोरच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीतही खोल्यांचा भाव चढतो. तिथे एक वीट बदललेली नसते. जिन्याचा कठडा डुगडुगतो तसाच डुगडुगतो, पाणी येतं त्याच वेळेला येतं. तरी एजंट जास्तीचा आकडा सांगतो आणि घेणारा तो देतो. हा वाढीव पैसा येतो कुठून आणि पडतो कोणाच्या पदरात, हे समजून घ्यायला मुंबईतल्या गिरणगावाइतकी बोलकी जागा नाही.

सिमेंट-सळईचा खर्च मुंबईत काय नि मालेगावात काय, फार वेगळा नसतो. किमतीतली मोठी तफावत जमिनीची असते, आणि जमिनीची किंमत तिच्यावर काय बांधायची परवानगी आहे यावर ठरते. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ साली हे नेमकेपणाने मांडलं. जमीन आज जेवढं उत्पन्न देते आणि नव्या वापरात जेवढं देऊ शकेल, त्यातलं अंतर पुरेसं वाढलं की तिथे भांडवल धाव घेतं. गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरणगावात हे अंतर प्रचंड झालं होतं. गिरण्या बंद पडत होत्या आणि त्यांची सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर होती. १९९१च्या नियमानुसार पुनर्विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती आली आणि हे वाटे फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेचे करायचे ठरले. शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. आज त्या परिसरात उद्यानं आणि साधी घरं इतकी कमी का दिसतात, याचं उत्तर बरंचसं या एका दुरुस्तीत आहे. मला तो शहराने स्वतःच्या हाताने करून घेतलेला तोटा वाटतो.

आता शेजाऱ्यांकडे वळू. भाव पहिल्यांदा हलतो तो बातमीने. बांधकामाचा तेव्हा पत्ताही नसतो. नुसत्या भूमिपूजनाने ‘इथे आता भाव येणार’ हे बोलणं सुरू होतं आणि विकणारे हात आखडता घेतात. मग येतात मधली लांब वर्षं : धूळ, डंपर, पायलिंगचे हादरे, खोदलेला रस्ता. या काळात भाव तिथेच रेंगाळतो, कधी उतरतोही. उदाहरणच घ्यायचं तर बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७मध्ये झालं आणि वरळीतल्या पहिल्या रहिवाशांच्या हाती चाव्या पडल्या त्या ऑगस्ट २०२५मध्ये. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्यांसाठी ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण अशा प्रकल्पाची घोषणा ऐकून शेजारी चढ्या भावाने घर घेणाऱ्याने जे अजून आलेलंच नाही त्याचे पैसे आधी मोजलेले असतात, आणि कर्जाचे हप्ते मात्र लगेच सुरू होतात.

काम पुरं झाल्यावर दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. रस्ता, दुकानं, कचेऱ्या आल्याने परिसराला मागणी येते. त्याच वेळी शेकडो नवे फ्लॅट विक्रीला येतात. वीस वर्षांपूर्वीचा, पार्किंग नसलेला टू बीएचके या नव्या फ्लॅटांशी थेट स्पर्धेत उतरतो आणि त्याचा भाव दबतो. चाळीतली खोली दबत नाही, कारण तिचा गिऱ्हाईकच वेगळा. त्याला राहायच्या जागेपेक्षा पुढे मिळणाऱ्या पुनर्विकासाच्या हक्कात रस असतो.

तो हक्क भावाशी कसा बांधलेला असतो, ते एका हिशेबाने पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. एका सोसायटीत ४०० चौरस फुटांची २४ घरं आहेत. एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम), प्रीमियम भरून मिळणारं जादा बांधकाम, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) सगळं धरून नव्या इमारतीत ३०,००० चौरस फूट घरं निघतात. बांधकाम, महापालिकेचं प्रीमियम, रहिवाशांचं ट्रान्झिट भाडं आणि व्याज मिळून खर्च ३६ कोटी. बिल्डरला वीस टक्के नफा हवा, म्हणजे विक्रीतून ४३ कोटी २० लाख उभे राहायला हवेत. विक्रीचा भाव चौरस फुटाला २५,००० असेल तर त्याला १७,२८० चौरस फूट विकावे लागतील. उरतात १२,७२०, म्हणजे प्रत्येक घराला ५३०. शेजारच्या टॉवरमुळे भाव ३६,००० झाला तर १२,००० चौरस फूट विकून त्याचं भागतं आणि प्रत्येक सभासदाला ७५० देता येतात. भाव ४४ टक्के वाढला, पण सभासदाची जादा जागा १३० वरून ३५० वर गेली, अडीच पटीहून अधिक. उलट भाव २०,००० असता तर घरटी ३५०च उरले असते. आहे त्यापेक्षा कमी. तिथे बिल्डर फिरकतच नाही, आणि इमारत टेकू लावून उभी राहते. शहराच्या कमी भावाच्या भागांतल्या कितीतरी इमारती अशाच अडकल्या आहेत.

अर्थात, परवडतं म्हणून बिल्डर ७५० आपणहून देईल असं नाही. सोसायटी एकजुटीने, स्वतःचा सल्लागार नेमून, निविदा मागवून बसली तरच आकडा तिकडे सरकतो. शिवाय भाव चढला की काही वर्षांत रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, तोही चढतो. प्रीमियम त्याच्या टक्केवारीत मोजलं जात असल्याने प्रकल्पाचा खर्च वाढतो आणि फायद्याचा एक हिस्सा सरकारी तिजोरीत जातो. मुद्रांक शुल्कही करारातली किंमत आणि रेकनर यांत जे जास्त असेल त्यावर बसतं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून मालमत्ता कर माफ आहे. ४०० वरून ७५० वर गेलेलं कुटुंब ही सवलत गमावतं आणि वर लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा मेन्टेनन्स दर महिन्याला येतो. पेन्शनवर जगणाऱ्या घरात तो चांगलाच जाणवतो.

हे सगळं झालं मालकाचं. पागडीवाला भाडेकरू खोली दुसऱ्याच्या नावावर करतो तेव्हा वाढलेल्या किमतीतला वाटा, साधारण तिसरा हिस्सा, घरमालकाला द्यायचा रिवाज आहे. पण उपकरप्राप्त (सेस) इमारतीच्या पुनर्विकासात या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, म्हणून त्याचा हक्क टिकतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला यातलं काही नाही. भाव चढला की त्याचं भाडं आणि डिपॉझिट चढतं आणि मुलांची शाळा सोडून कळव्या-दिव्याकडे खोली शोधावी लागते. भाववाढीच्या चर्चेत या माणसाचं नाव कोणी घेत नाही आणि मला ते खटकतं. वाढीची किंमत सर्वांत आधी तोच मोजतो.

घराच्या भावात न दिसणारी किंमतही असते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज लोंढे उतरू लागले, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल होता तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून पूल, नळ, गटारं आधी बांधली जावीत, हा आग्रह अशा वेळी चैनीचा नसतो.

म्हणून आपल्या शेजारी प्रकल्प येणार असेल तर एजंटच्या आकड्यावर थांबू नये. नोंदणी विभागाकडे ‘इंडेक्स टू’ पाहता येतो. प्रत्यक्ष कोणतं घर किती रुपयांना विकलं गेलं, ते त्यात असतं. आपल्या गल्लीतले आणि जवळपास असा प्रकल्प आधी पुरा झालेल्या गल्लीतले गेल्या काही वर्षांतले व्यवहार काढून तारखेनुसार मांडावेत आणि घोषणेआधीचे, काम चालू असतानाचे व ताबा मिळाल्यानंतरचे वेगळे करावेत. मागितलेला भाव आणि नोंदलेला भाव यांतलं अंतर तिथे उघड दिसतं. बिल्डरच्या प्रस्तावावर सही करण्याआधी सोसायटीच्या सभेत ठेवायचा पहिला कागद तोच.