मनगटावरचे यंत्र की नळीवरचे?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी अक्षर असलेला कोणताही कागद घरात आला, मग तो विमा कंपनीचा असो की औषधाच्या बाटलीबरोबरचा, तो शेवटी माझ्यापुढे येतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असेच दोन कागद आले. माझा थोरला भाऊ मालवणात पर्यटकांना समुद्राखाली नेण्याचे, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचे काम करतो. त्याला स्वतःचा 'डायव्ह कॉम्प्युटर' घ्यायचा होता. एक माहितीपत्रक मनगटावर बांधायच्या यंत्राचे होते, तर दुसरे नळीच्या टोकाला जोडायच्या यंत्राचे. किमती दोन्हींच्या पाच आकडी!

बाबांचे सारे आयुष्य रापणीवर गेले. ते दादाला म्हणाले, "मेल्या, इतके पैशे मनगटाक बांधून पाण्यात उडी मारतलंस? सुटला तर?" आणि मग माझ्याकडे वळून, "गो, तू शिकतंस मां? मगे वाच आणि सांग, खयचा बरा."

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. नायट्रोजनशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. पण बाबांनी प्रथमच माझ्या शिक्षणाकडे काही मागितले होते. म्हणून वाचले, दादाला विचारून घेतले, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवते आहे.

मुळात पाण्याखाली कॉम्प्युटर हवा कशाला? समुद्रात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट आणि तीस मीटरवर चौपट. पाणबुड्याला टाकीतली हवाही त्याच दाबाने घ्यावी लागते. या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीराला त्याचा उपयोग नाही, पण दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत राहतो. गोटीसोड्याची बाटली डोळ्यांपुढे आणा. गोटी एकदम दाबली की फसफसून बुडबुडे उसळतात. माणूस फार वेळ खोल राहून झटकन वर आला तर त्याच्या शरीरात असेच बुडबुडे होऊ शकतात. सांधे असह्य दुखतात, हातपाय लुळे पडतात, क्वचित प्राणही जातो.

यावर पहिले शास्त्रशुद्ध उत्तर जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शोधले. ब्रिटिश आरमारासाठी त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. (त्यांचे पुत्र म्हणजेच १९५७ साली भारतात येऊन इथलेच नागरिक झालेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निधन पावलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन.) पुढे हौशी पाणबुड्यांसाठीही तक्ते झाले. 'पाडी' या प्रशिक्षणसंस्थेच्या तक्त्यात दिवसाच्या पहिल्या बुडीला १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर केवळ २० मिनिटे अशी मर्यादा आहे. दुसऱ्या बुडीला ती आणखी कमी होते, कारण पहिल्या बुडीतला नायट्रोजन अजून अंगात शिल्लक असतो.

हा हिशेब पाण्याखाली सतत करणारे यंत्र म्हणजे डायव्ह कॉम्प्युटर. १९८३ साली अमेरिकेत 'ऑर्का एज' हे यंत्र बाजारात आले आणि तिथून हा प्रकार रुळला. यंत्र दर काही सेकंदांनी खोली मोजते, गेलेला वेळ धरते आणि अजून किती मिनिटे थांबता येईल ते सांगते. फार वेगाने वर येऊ लागलात तर इशारा देते. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची आठवणही करून देते.

आता मूळ प्रश्न. टाकीच्या तोंडाशी असलेल्या रेग्युलेटरमधून एक जाड नळी निघते. तिच्या टोकाला टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा काटा असतो. त्याच चौकटीत कॉम्प्युटर आणि कधी कधी होकायंत्रही बसवले की त्याला कन्सोल म्हणतात. कन्सोलचे गुण पुष्कळ आहेत. हवा, खोली आणि वेळ एकाच जागी दिसतात. आकडे मोठे, त्यामुळे गढूळ पाण्यातही वाचता येतात. पट्टा तुटण्याची भीती नाही आणि घरी विसरण्याचीही नाही, कारण तो नळीलाच जोडलेला. दोष असा की तो कमरेशी लोंबतो. बांधून ठेवला नाही तर खडकांवर आणि प्रवाळांवर आपटतो, आणि प्रत्येक वेळी हाताने उचलून डोळ्यांपुढे धरावा लागतो.

मनगटावरचे यंत्र नुसता हात वळवला की दिसते. वर येताना डावा हात जॅकेटमधली हवा सोडण्याच्या नळीवर असतो, तेव्हाही ते डोळ्यांसमोरच राहते. दादासारख्याला हे फार मोलाचे, कारण घाबरलेला पर्यटक धरलेला असताना कन्सोल उचलायला मोकळा हात कुठून आणायचा? बाबांची शंकाही अगदीच खोटी नव्हती. रबरी पोशाख खोल पाण्यात दबून पातळ होतो आणि वर घट्ट वाटलेला पट्टा खाली ढिला पडतो. म्हणून ताणला जाणारा पट्टा लावावा. मनगटी यंत्राला टाकीतली हवा दिसावी असे वाटत असेल तर रेग्युलेटरवर बिनतारी प्रक्षेपक बसवावा लागतो. त्याचे पैसे वेगळे. तो नसेल तर नळीवरचा साधा काटा पुरतो.

एवढे वाचूनही माझा तराजू मधेच अडकला होता. तो झुकला दादाने सहज सांगितलेल्या एका प्रसंगाने. प्रशिक्षणासाठी तो बाहेरगावी गेला होता. सकाळी एक खोल बुडी झाली. दुपारी त्याचा संच दुसऱ्याला दिला गेला आणि त्याच्या वाट्याला सकाळभर किनाऱ्यावर पडून असलेला संच आला. पाण्याखाली गेल्यावर त्याच्या कन्सोलवर भरपूर मिनिटे शिल्लक दिसू लागली. यंत्राचे काही चुकले नव्हते. सकाळी ते पाण्यात उतरलेच नव्हते, त्यामुळे त्याच्या लेखी हा माणूस कोरा होता! दादाच्या अंगात सकाळचा नायट्रोजन होता, पण त्याची नोंद दुसऱ्याच्या कमरेला लोंबत होती. बरोबरच्या अनुभवी माणसाच्या हे वेळीच लक्षात आले आणि त्याने सर्वांना लवकर वर घेतले. दादा हे हसत हसत सांगत होता. आई मात्र हातातले काम टाकून ऐकत राहिली.

मला त्या क्षणी उलगडा झाला. कन्सोल संचाबरोबर राहतो, मनगटी यंत्र माणसाबरोबर राहते. ज्याचा सारा संच स्वतःचा आहे त्याने कन्सोल खुशाल घ्यावा. त्याला तो सोयीचा आणि दणकटही. पण दादासारखी कितीतरी मुले मालकाच्या संचावर काम करतात. आज हा, उद्या तो. त्यांच्या शरीराचा हिशेब त्यांच्याच अंगावर असला पाहिजे. मजूर अवजार बदलू शकतो, रक्त बदलू शकत नाही.

किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात पर्यटकांना दाखवायच्या बुडीत नायट्रोजनची चिंता फारशी नसते हे खरे. परंतु दादाचे स्वप्न आंग्रिया बँकेचे आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे प्रवाळांचे पठार विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर भर समुद्रात आहे, आणि त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल. तिथे गाठ तिप्पट दाबाशी!

यंत्र सर्वज्ञ मात्र नाही. त्याला खोली आणि वेळ कळते. माणूस रात्री जागला आहे, पाणी कमी प्यायला आहे, थंडीने काकडतो आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून ते दाखवते त्या मर्यादेच्या बरेच आत राहावे. दोघांच्या यंत्रांत फरक पडला तर जे लवकर वर यायला सांगते त्याचे ऐकावे. आणि खोल बुड्या झाल्या की लगेच विमानात बसू नये, त्याच दिवशी आंबोलीचा घाटही चढू नये, कारण उंचीवर हवेचा दाब आणखी कमी होतो.

मी बाबांना सांगितले, "मनगटावरचा." त्यांनी कारण विचारले. मी सोड्याच्या बाटलीपासून सुरुवात केली. ते शेवटपर्यंत ऐकून घेत म्हणाले, "म्हणजे ह्या ज्याचा तेच्याकडेच व्हया." दोन दिवस मी जे सांगायला धडपडत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. दादाने शिमग्यापर्यंत पैसे साठवून प्रक्षेपकाशिवायचे साधे मनगटी यंत्र घेतले. त्याची पुस्तिका इंग्रजीत होती. तिचे मराठी मी एका दोनशेपानी वहीत उतरवले आहे, आणि ती वही आता दादाच्या बरोबरीच्या मुलांमध्ये हातोहात फिरते आहे.