पाराकासच्या शालींवरची माणसं

पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाराकास द्वीपकल्पात पाऊस जवळजवळ पडतच नाही. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी वाळूत पुरलेल्या लोकरीचा लाल रंग आजही लालच आहे. १९२७ साली पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांच्या पथकाला वारी कायान इथे दफनभूमी सापडली. तिच्यातून ४२९ गाठोडी निघाली. मोठ्या गाठोड्यात गुडघे छातीशी घेऊन बसवलेला मृतदेह आणि त्याभोवती थरांवर थर, साध्या सुती चादरी आणि भरतकामाने गच्च भरलेल्या शाली.

शाल सुमारे अडीच मीटर लांब. अल्पाकासारख्या प्राण्यांच्या रंगीत लोकरीने सुई चार धागे पुढे न्यायची, दोन धागे मागे आणायची. अशा टाक्यांतून वितीएवढी माणसं उभी राहतात, ओळीने, तीच आकृती पुन्हा पुन्हा, रंग मात्र बदलत जातात. यातली एकच आकृती नीट पाहावी. कपाळावर सोन्याचा पत्रा, तोंडाभोवती मांजरवर्गीय प्राण्याच्या मिशांसारखा मुखवटा, अंगात आखूड बंडी, खांद्यावर शाल, एका हातात पंखा, दुसऱ्यात केसांना धरलेलं छाटलेलं मुंडकं. आणि गाठोडं उलगडलं की त्यातही तसाच सोन्याचा पत्रा, तशीच बंडी, पिसांचा पंखा!

अभ्यासक अ‍ॅन पॉल यांनी हे साम्य फार बारकाईने तपासलं. शालीवरची माणसं मानाची वस्त्रं ल्यालेली आहेत आणि ती वस्त्रं अधिकाराची खूण होती, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. केस मोकळे सोडून पाठ मागे वाकवलेल्या आकृत्यांबद्दल मात्र मतभेद आहेत. कुणाला त्यांत अंगात आलेला शामन, म्हणजे मांत्रिक, दिसतो, कुणाला पूर्वज झालेला मृत. देव म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत बसवणं घाईचं ठरेल. समाजातली कामं आणि पायऱ्या इथे पोशाखावरूनच वाचायच्या आहेत.

काही शाली अर्धवट राहिल्या. बाह्यरेषा भरली, पोट रिकामं. काहींवर वेगवेगळे हात ओळखू येतात. एका माणसाच्या मानासाठी किती जण टाके घालत बसले असतील!

म्हणूनच १९३०च्या दशकातली लूट मनाला लागते. चोरांनी दफनांतून शाली काढून एकेक करून विकल्या. अनेक स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पोचल्या. २०१४पासून त्या शहराने या शाली पेरूला परत करायला सुरुवात केली. पण कुठली शाल कुठल्या गाठोड्यात, कुणाच्या अंगावर, कुठल्या बंडीसोबत होती, याची नोंद चोरांनी ठेवलेली नाही. चित्रातला पोशाख आणि देहावरचा पोशाख ताडून पाहायची सोय तिथे उरलेली नाही.